मुलीसाठी वेगळे नाव सुचवणारी सशुल्क सेवा : एका आत्याचे परीक्षण

गेल्या महिन्यात माझ्या भावाला मुलगी झाली आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा आत्याचा मान माझ्याकडे आला. वहिनीची अट एकच होती : हजेरी घेताना वर्गातल्या चार मुलींनी एकदम उठून उभे राहावे, असे नाव नको. आमच्या ओळखीत गेल्या दोन वर्षांत झालेल्या बारशांत तीन मायरा आणि दोन कियारा झाल्या आहेत, त्यामुळे तिचे म्हणणे सर्वांना पटले. बारसे बाराव्या दिवशी ठरलेले, घरात बाळंतिणीची गडबड, म्हणून इंटरनेटवरील जाहिरात पाहून आम्ही पत्रिकेनुसार दुर्मीळ नावे सुचवणाऱ्या एका सेवेकडे १,१०० रुपये भरले. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी सेवा घेणाऱ्या पालकांना काय तपासून घ्यावे हे कळावे, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

आधी चांगले ते सांगते. जन्मवेळ आणि जन्मस्थळ कळवल्यावर दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तीस नावांची यादी आली. मृग नक्षत्र, तिसरा चरण, मिथुन रास आणि आद्याक्षर 'का' हे त्यांनी काढलेले गणित कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेतील गुरुजींच्या गणिताशी तंतोतंत जुळले. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून एकशे आठ अक्षरे ठरलेली आहेत आणि मृगाच्या वाट्याला वे, वो, का, की ही अक्षरे येतात. फोनवर बोलणाऱ्या ताईंनी आमच्या प्रत्येक शंकेला शांतपणे उत्तर दिले, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु याच आद्याक्षरापासून पुढची अडचण सुरू झाली. आपल्याकडे जन्मनाव आणि व्यवहारातले नाव ही दोन वेगळी नावे असत. चरणाक्षरावरून येणारे नाव पत्रिकेत लिहिले जाई आणि हाक मारण्याचे नाव घरातल्यांच्या पसंतीने ठेवले जाई. ही दोन नावे एकच असावीत असा आग्रह धरला की 'का' या एकाच अक्षरातून वीस दुर्मीळ नावे काढावी लागतात, आणि मग ती भाषेतून न येता अक्षरांची जुळवाजुळव करून येतात. यादीत काश्वी, कायरा, कायना अशी नावे होती आणि प्रत्येकासमोर 'तेजस्वी', 'अद्वितीय', 'शांत' असे गोड अर्थ दिलेले होते. कायरा हे नाव वाचून दाखवताच आईने विचारले, "कैरी म्हणालीस का गं?" आईचा प्रश्न अगदी खरा होता. ज्या आजीला दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची आहे, तिच्या कानाला नाव कसे लागते, हे त्या यादीत कोणी विचारात घेतलेले दिसत नव्हते.

आद्याक्षराचे बंधन नसलेल्या उरलेल्या दहा नावांत 'वान्या' होते. त्याच्यापुढे 'देवाची कृपा, संस्कृत' असे लिहिले होते. हे नाव मी जरा खोलात जाऊन तपासले. वान्या हे रशियन भाषेत इव्हान या पुरुषाच्या नावाचे लाडके रूप आहे आणि 'देवाची कृपा' हा अर्थही इव्हानच्या मूळ हिब्रू नावातून आलेला आहे. संस्कृतात 'वन्य' म्हणजे रानातले, त्यामुळे वन्या म्हणजे रानातली. हा अर्थ मुलीच्या नावाला किती सुंदर आहे! राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसांना तर तो अधिकच जवळचा वाटेल. तो बाजूला ठेवून उसना अर्थ चिकटवायचा आणि त्यावर संस्कृतचा शिक्का मारायचा, हे मला पटले नाही. मुलगी मोठी झाल्यावर आपल्या नावाचा अर्थ कोणालातरी सांगणार आहे आणि तो चुकीचा निघाला तर खजील तिला व्हावे लागणार आहे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशा' हे नाव घेऊन वाढलेल्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली होती. ते नाव आणि हे नाव यांची तुलना होऊ शकत नाही, पण नावाचा अर्थ मुलीलाच वागवावा लागतो, हे त्या घटनेने आपल्याला शिकवले आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. यादीसोबतच्या संदेशात 'एकवीस दिवसांत नाव नोंदवणे बंधनकारक आहे, त्वरित निर्णय घ्या' असे लिहून आणखी ७०० रुपयांची 'विशेष यादी' घेण्याचा आग्रह केला होता. वस्तुस्थिती अशी आहे की एकवीस दिवसांची मुदत जन्माची माहिती देण्यासाठी असते. जन्माची नोंद नावाशिवाय होऊ शकते, नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. बाळंतिणीच्या घरात अशी खोटी घाई निर्माण करणे योग्य नाही. उलट सावकाश ठरवणेच हिताचे आहे, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो आणि एकदा लिहिलेले नाव बदलणे कटकटीचे असते. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिले जाते, म्हणून बाळाचे नाव या संपूर्ण ओळीत कसे दिसते, हेही पाहावे लागते.

शेवटी यादी बाजूला ठेवून मी १८५० पासून चालत आलेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरात एक दुपार घालवली. बाळ रात्री पावणेतीनला जन्मलेले, म्हणून अमरकोशात रात्रीची नावे पाहिली : त्रियामा, क्षणदा, विभावरी, तमस्विनी, यामिनी. त्रियामा म्हणजे तीन प्रहरांची. मला ते नाव फार आवडले, पण आईच्या तोंडी ते 'तिरामा' झाले. मग मनात आपल्या जिल्ह्यातल्या नद्या आल्या. वहिनीचे माहेर आजऱ्याचे, तेथून वाहणारी हिरण्यकेशी, म्हणजे सोनेरी केसांची. नाव विलक्षण देखणे, पण रोमन लिपीत बारा अक्षरे, आणि पुढे आईचे, वडिलांचे नाव व आडनाव. वारणा म्हटले की दुधाची पिशवी आठवते. कासारी चरणाक्षरातही बसत होती, पण भावाला ती बांगड्या भरणारी कासारीण वाटली. कासारी, कुंभी, भोगावती आणि तुळशी या नद्यांना गुप्त सरस्वती मिळून आपली पंचगंगा होते. त्यांपैकी तुळशी धामोडच्या खोऱ्यातून येते आणि आईचे माहेर तिच्याच काठचे आहे.

भाऊ म्हणाला, हे नाव जुने वाटते. जुने आहेच, पण आमच्या ओळखीच्या एकाही पाळण्यात ते नाही. ते तीन वर्षांच्या मुलाला उच्चारता येते आणि त्याचा अर्थ विचारणाऱ्याला धामोडला नेऊन दाखवता येतो. पत्रिकेसाठी जन्मनाव म्हणून सेवेच्या यादीतलेच 'काव्या' घेतले, तेवढा उपयोग तिचा निश्चित झाला.

सेवेने अभिप्राय मागितला तेव्हा मी पाचपैकी दोन तारे दिले. पत्रिकेचे गणित आणि सौजन्य यांसाठी ते होते. वान्याचा अर्थ दुरुस्त करावा आणि एकवीस दिवसांचे वाक्य काढून टाकावे, असेही कळवले. अर्थ दुरुस्त करू असे उत्तर आले. दुसऱ्या मुद्द्यावर अद्याप काही आलेले नाही.

बारशाला 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झाल्यावर मी बाळाच्या कानात नाव सांगितले आणि घुगऱ्या वाटायला उठले. माझी पाठ वळते न वळते तोच आईने पाळण्यावर वाकून हाक मारली, "तुळशे, अगं तुळशे."