एपिड्युरलमध्ये सोबत काय घालायचं: फेंटानिल, डेक्स, क्लोनिडीन की मॉर्फिन?

गुडघेबदलाची केस. सत्तरीच्या आजी, वजन 50 किलो. एपिड्युरलचं, म्हणजे पाठीच्या कण्यातून बधिरीकरणाचं औषध सोडायचं, कॅथेटर (बारीक नळी) बसलंय, नळी योग्य जागी आहे ना हे पाहायचा टेस्ट डोस झालाय, सिरिंजमध्ये 0.75 टक्के रोपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध 15 मिली भरलंय. ज्युनिअर विचारतो, "मॅडम, सोबत काय घालू?" माझे उलट दोन प्रश्न असतात: आधीची औषधं कोणती चालू आहेत, आणि रात्री वॉर्डात कोण आहे?

नुसत्या लोकलवर (रोपिव्हॅकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधावर) ऑपरेशन होतंच. सोबतीचं औषध घालायचं ते ब्लॉक, म्हणजे बधिरपणा, लवकर चढावा, लोकल कमी लागावं आणि दुखणं उशिरा परतावं म्हणून.

फेंटानिल, अफूच्या वर्गातलं वेदनाशामक, 50 ते 100 मायक्रोग्रॅम. चरबीत पटकन विरघळणारं, म्हणून 5-10 मिनिटांत जाणवतं आणि दोन-चार तासांत उतरतंही. पल्स-बीपीला फारसा धक्का नाही, हा त्याचा मोठा गुण. उपद्रव म्हणजे खाज, मळमळ, लघवी अडकणं, आणि क्वचित श्वास मंदावणं. शिवाय हे एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातलं औषध: कुलपातलं कपाट, रजिस्टर, अँपूलचा हिशेब. छोट्या नर्सिंग होममध्ये निवड बऱ्याचदा त्या कपाटापाशीच ठरते.

डेक्समेडेटोमिडीन, म्हणजेच डेक्स, हे गुंगीचं औषध; त्याला ही कटकट नाही. डोस किलोमागे अर्धा ते एक मायक्रोग्रॅम. वयस्कांना मी अर्ध्यावरच थांबते. अँपूलमध्ये एका मिलीत 100 मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे 50 किलोला पाव मिली. ते नीट मोजूनच ओढा, अंदाजाने नको. पंधरा मिनिटांनी, बधिरपणा कुठवर चढला ते पाहायला, स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवत "गार लागतंय का?" विचारावं, तर पेशंट घोरत असतो. हाक मारली की डोळे उघडतो, उत्तर देतो, पुन्हा झोपतो. गुंगीसाठी वेगळं मिडॅझोलाम लागत नाही, थंडी वाजून हुडहुडी भरणं कमी होतं, श्वासाला सहसा धक्का नाही, आणि पहिला टॉप-अप (कॅथेटरमधून द्यायचा पुढचा डोस) फेंटानिलपेक्षा बराच उशिरा मागितला जातो. पण त्याच पंधरा मिनिटांत मॉनिटरची टिकटिक संथ होते. 80 ची पल्स 50 वर आलेली पाहिली की हात पल्स वाढवणाऱ्या ॲट्रोपिनकडे जातो, म्हणून ते आधीच भरून ठेवायचं, शेजारी बीपी वाढवणारं मेफेन्टरमिनही. आणखी एक: एपिड्युरलमधला त्याचा वापर आपल्याकडे सर्रास असला तरी लेबलबाह्य, म्हणजे अधिकृत मान्यतेबाहेरचा, आहे. अमेरिकेत 1999 साली त्याला मान्यता मिळाली ती आयसीयूतल्या गुंगीसाठी.

क्लोनिडीन त्याचाच थोरला भाऊ. दोघंही नसांमधल्या अल्फा-2 रिसेप्टरवर (औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागेवर) काम करतात, पण अल्फा-1 च्या तुलनेत डेक्सची अल्फा-2 ची निवड 1620 पट, तर क्लोनिडीनची 220 पट. 75 ते 150 मायक्रोग्रॅम दिलं की गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, आणि बीपी पडतं ते रिकव्हरीतही लवकर सावरत नाही. कॅन्सरच्या दुखण्यासाठी एपिड्युरल वापराची त्याला मान्यता आहे, पण ऑपरेशनभोवतीच्या वापराबद्दल अमेरिकी लेबलवर चौकटीतला इशाराही आहे. डेक्स हाताशी असताना मी याच्या वाटेला जात नाही.

मॉर्फिनचं गणित निराळं. 2-3 मिलिग्रॅम, तेही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं. चढायला अर्धा-एक तास, पण टिकतं 12 ते 24 तास. पाण्यात विरघळणारं असल्याने मणक्यातल्या द्रवाबरोबर हळूहळू मेंदूकडे सरकतं आणि श्वास मंदावतो तो सहा-बारा तासांनी, म्हणजे नेमका आपण घरी झोपलेलो असताना. पुढचे 24 तास दर तासाला श्वास मोजणारी सिस्टर असेल तर यासारखं औषध नाही. तीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर अँपूल फोडूच नका.

डेक्सामेथासोन, मॅग्नेशियम, ट्रॅमाडॉल हेही लोक घालतात. माझा त्यांच्यावर फार भर नाही. सोडाबायकार्ब लिग्नोकेन या लोकलसोबत छान चालतं, पण बुपिव्हॅकेन या दुसऱ्या लोकलमध्ये जरा जास्त झालं की सिरिंजमध्ये साका दिसतो.

तर आजी. डेक्स ओढायला ज्युनिअरने सिरिंज उचललीही होती. फाइलचं दुसरं पान उलटलं: ॲटेनोलॉल 50 (बीपीची, पल्स मंद करणारी गोळी), रोज सकाळी, आजचीही गोळी घेतलेली. पल्स मुळातच 58. डेक्स बाजूला ठेवलं, फेंटानिल 50 गेलं. ऑपरेशनभर पल्स पन्नाशीच्या खाली उतरली नाही, आणि आजी मात्र दर पाच मिनिटांनी हात सोडवून घेत म्हणत होत्या, "नाक लई खाजतंय गं बाई."