शॉकअपची जोडी, ऑपेरा हाऊसचं दुकान आणि बाबांचा 17 नंबरचा पाना

गाडीचे मागचे शॉकअप, म्हणजे रस्त्याचे धक्के आणि गाडीचं डुलणं जिरवणारी चाकाजवळची नळकांडी, मी घरीच बदलली. आधी हिशोब. मागच्या शॉकअपची जोडी 2,840 रुपये, रबरी बुश (शॉकअपच्या सांध्यात बसणारी रबरं) आणि वॉशर 260, गंज सोडवायचा स्प्रे 190. याच कामाचा सर्व्हिस सेंटरचा अंदाज होता 7,600, वर "मॅडम, चारही बदलून घ्या" हा सल्ला फुकट. पुढचे दोन्ही ठणठणीत होते.

गाडी 2013 ची हॅचबॅक, 91 हजार किलोमीटर झालेली. पावसाळा संपता संपता स्पीडब्रेकर ओलांडला की तिची मागची बाजू तीन-तीनदा डुलायला लागली. आई मागे बसते, त्यामुळे निदान तिचंच पहिलं: "बोटीत बसल्यासारखं होतंय गं." चाकाच्या आत टॉर्च मारला तर डाव्या शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला. टायरवरून हात फिरवला तर उंचसखल लागत होता. शॉकअप गेला की चाक रस्त्याला धरून राहत नाही, उड्या मारत पळतं, आणि टायर असा ठिकठिकाणी खरवडला जातो. गळत होता एकच, पण जोडीच बदलायची असते. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी वळणावर दोन बाजूंना दोन स्वभाव दाखवते.

मुलुंडमध्ये मिळाले असते, पण बाबा म्हणाले, "पार्ट घ्यायचा तर ऑपेरा हाऊस." ऑपेरा हाऊस म्हणजे दक्षिण मुंबईतला गाड्यांच्या पार्टचा बाजार. म्हणून शनिवारी दादरला लोकल बदलून चर्नी रोडला उतरले. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसरा फुटपाथवर. काउंटरवरच्या काकांनी गाडीचं साल विचारलंच नाही, "आरसीचा फोटो दाखवा" म्हणाले. एकाच मॉडेलचे पार्ट मधेच बदललेले असतात, हे मला तिथे कळलं. मी फक्त शॉकअप मागितले होते. काका म्हणाले, "ताई, बुशही नवे घ्या. जुन्या बुशवर नवा शॉकअप म्हणजे नव्या चपलेला जुना अंगठा." 260 रुपयांचं हे वाक्य अख्ख्या खरेदीत सगळ्यात कामाचं निघालं. पक्कं बिल मात्र दोनदा मागावं लागलं आणि परत घेण्याबद्दल विचारलं तर काका पंख्याकडे बघायला लागले. त्याचे गुण कापले.

शॉकअप घेतले गॅब्रिएलचे, गॅसवाले. यात थोडा भावनेचा भाग आहे, कबूल. ही कंपनी 1961 साली मुलुंडलाच सुरू झाली आणि बाबांची उमेदीची वर्षं एलबीएस मार्गावरच्या दुसऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेली, त्यामुळे त्यांना ते शेजारचंच घर वाटतं. गॅसवाल्यात आतल्या तेलावर नायट्रोजनचा दाब असतो. खड्ड्यांतून सतत आपटून तेलाला फेस आला की शॉकअपचा जोर जातो, तो फेस हा दाब आवरतो. येताना लेडीज डब्यात शेजारच्या बाईंनी खोकी बघून विचारलं, "पाण्याचा फिल्टर का?" मी हो म्हटलं. घाटकोपरपर्यंत कोण समजावणार.

रविवारी सकाळी सातला पार्किंगमध्ये सुरुवात. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात चहा. पहिलाच प्रश्न, "हँडब्रेकवर विसंबलीस का?" विसंबले होते. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, आणि उचलणार होतो आपण मागचीच चाकं. मग गाडी गिअरमध्ये टाकली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले, जॅकने उचलून खाली घोड्या (लोखंडी टेकू) दिल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली बाबा कुणाला हातही घालू देत नाहीत. दुसरा जॅक ॲक्सलखाली, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, टेकवून ठेवला, कारण ॲक्सल फार खाली जाऊ नये म्हणून शॉकअपच तो धरून असतो. बोल्ट काढला आणि ॲक्सल लटकला तर स्प्रिंग जागा सोडते.

उजवा चाळीस मिनिटांत निघाला. डाव्याने अडीच तास खाल्ले. खालचा बोल्ट मुंबईच्या हवेत असा काही गंजला होता की स्प्रे मारून, चहा पिऊन, परत स्प्रे मारून, बाबांच्या 17 नंबरच्या पान्याला पाईप लावून मी अक्षरशः लोंबकळले, तेव्हा कुठे "कट्ट" आवाज आला. वरचा नट डिकीतल्या बाजूच्या प्लास्टिकमागे. तो फिरवायला गेलं की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून दांड्याचं सपाट टोक दुसऱ्या पान्याने धरायचं. ही युक्ती बाबांनी मी वीस मिनिटं घाम गाळल्यावर सांगितली.

जुना शॉकअप दाबला तर दाबलेलाच राहिला. नव्याचा दांडा दाबून धरणारी पट्टी कापली तर तो आपोआप, सावकाश वर आला. नवा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर पंप करायचा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत सरकलेली हवा जागेवर जाते. आणि माझी चूक: खालचा बोल्ट मी चाक हवेत असतानाच करकचून आवळला. तसं केलं की गाडी खाली टेकल्यावर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बाबांनी तो ढिला करून, गाडीचं वजन चाकांवर आणून पुन्हा आवळायला लावलं. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, भाच्याकडून आणला होता. बाबांना तो अपमान वाटला.

आता सहा आठवडे, अकराशे किलोमीटर झाले. पहिले दोन दिवस मागची बाजू जरा कडक वाटली, मग नाही. स्पीडब्रेकरवर एकदा खाली, एकदा वर, बस. ऐरोलीच्या पुलाच्या सांध्यांवर पूर्वी डिकीतला जॅक वाजायचा, तो गप्प झालाय. खरवडलेल्या टायरची घरघर मात्र तशीच, ती टायर बदलल्याशिवाय जाणार नाही. आई काहीच बोलली नाही. आईच्या बाबतीत हे पाच तारे.

शॉकअपला साडेचार, दुकानाला साडेतीन. आठवड्याने नट पुन्हा तपासले, हलले नव्हते. सोसायटीची नोटीस मात्र मंगळवारीच लागली: पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीस सक्त मनाई. खाली सही करणाऱ्या काकांनी कालच लिफ्टमध्ये विचारलं, त्यांच्या गाडीचेही बघता येतील का.