स्टुटगार्टमधील मुलीचे नाशिकमधील बचत खाते

माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिचा जन्म स्टुटगार्टचा, पासपोर्ट भारतीय आणि आजोळ नाशिकरोडचे. तिच्या नावाने नाशिकमध्ये एक बचत खाते असावे ही इच्छा मूळची माझ्या वडिलांची होती. बाबा नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाले. देशाचे पासपोर्ट तिथेच छापले जातात, त्यामुळे नातीचा पासपोर्ट हाती आला की ते आधी पान बोटांनी चाचपतात, उजेडाकडे धरतात आणि मगच तिचा फोटो पाहतात. प्रत्येक वाढदिवसाला आणि पाडव्याला तिच्यासाठी बाजूला काढलेले पैसे त्यांनी पाकिटांत घालून कपाटात ठेवले होते, आणि प्रत्येक पाकिटावर वर्ष लिहिले होते. ते पैसे तिच्या नावाने बँकेत जावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ही साधी अपेक्षा पूर्ण व्हायला आम्हाला सव्वा वर्ष लागले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये शरणपूर रोड भागातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत आमचा अर्ज स्वीकारला गेला. बँकेचे नाव मी देत नाही, कारण खात्याचे मुख्य नियम सर्व बँकांना सारखेच आहेत आणि शाखेतील वागणूक पुष्कळदा त्या दिवशी समोर बसलेल्या व्यक्तीवर अवलंबून असते.

बाबांच्या मनात आधी सुकन्या समृद्धी योजना होती. ८.२ टक्के व्याज आणि करमाफी पाहता ते स्वाभाविकच होते, परंतु ही योजना भारतात राहणाऱ्या मुलींसाठीच आहे. अनिवासी मुलीच्या नावाने ते खाते उघडता येत नाही. त्यानंतर ते जेलरोडवरील आपल्या सहकारी बँकेत गेले. तिथे ते अनेक वर्षांचे सभासद आहेत. तिथल्या व्यवस्थापकांनी त्यांना चहा दिला आणि स्पष्ट सांगितले की अनिवासी खाती ठेवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते, ती प्रत्येक सहकारी बँकेकडे नसते आणि त्यांच्याकडे नाही. हा स्पष्टपणा मला मोलाचा वाटला, कारण पुढे ज्यांच्याकडे परवानगी होती त्यांनी इतके नेमके उत्तर पहिल्या भेटीत दिले नाही.

पहिला प्रयत्न आम्ही जर्मनीतून टपालाने केला. अर्जदार प्रत्यक्ष हजर नसेल तर कागदपत्रांच्या प्रती भारतीय वकिलातीकडून, परदेशातील नोटरीकडून किंवा नियमांत सांगितलेल्या अन्य अधिकाऱ्याकडून साक्षांकित कराव्या लागतात. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे ते म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येते, म्हणून आम्ही वेळ ठरवून रेल्वेने म्युनिकला गेलो, प्रती साक्षांकित करून घेतल्या आणि पाकीट नाशिकला पाठवले. दीड महिन्यानंतर ते परत आले. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: नावात तफावत.

ही तफावत कशी झाली ते सविस्तर सांगते, कारण परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांना ती गाठणारच आहे. जर्मन जन्मदाखल्यात मुलीचे नाव आणि आडनाव एवढेच असते. पासपोर्ट त्या दाखल्यावरून तयार होत असल्यामुळे त्यातही तेवढेच आले. परंतु तिच्या पॅनचा अर्ज आम्ही नाशिकमधील एका ओळखीच्या केंद्रातून भरून घेतला होता आणि तिथे सवयीने मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही घटक लिहिले गेले. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत नाव असेच लिहितात, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाही त्यात काही वेगळे दिसले नाही. बँकेच्या संगणकाला मात्र पासपोर्टवरील आणि पॅनवरील मुलगी या दोन निराळ्या व्यक्ती वाटल्या. पॅनमधील दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पुरावे आणि पुन्हा प्रतीक्षा करावी लागली. ज्यांना हे खाते उघडायचे आहे त्यांनी पॅनचा अर्ज पासपोर्टवरील नाव अक्षरशः समोर ठेवून भरावा आणि वडिलांचे नाव केवळ त्याच्या स्वतंत्र रकान्यात लिहावे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांच्या पॅन कार्डावर फोटो आणि स्वाक्षरी नसते, त्यामुळे नाव आणि जन्मतारीख यांच्यावरच सगळी भिस्त असते.

दुसऱ्या प्रयत्नासाठी नाताळच्या सुट्टीत मी स्वतः मुलीला घेऊन शाखेत गेले. मूळ कागदपत्रे समोर ठेवून पडताळणी होत असल्यामुळे साक्षांकनाचा प्रश्न उरला नाही. आम्ही दोघींचे पासपोर्ट, माझा जर्मनीतील वास्तव्य परवाना, तिथल्या पत्त्याचा पुरावा, तिचा आंतरराष्ट्रीय नमुन्यातील जन्मदाखला, दोघींचे पॅन आणि फोटो नेले होते. या जन्मदाखल्यात इंग्रजीसह अनेक भाषा असतात, त्यामुळे त्याचे भाषांतर करून घ्यावे लागत नाही. एक कागद मात्र राहिला. करविषयक घोषणापत्रात मुलगी ज्या देशात करनिवासी आहे, म्हणजे कराच्या दृष्टीने जिथली रहिवासी धरली जाते, तिथला तिचा करक्रमांक विचारतात. जर्मनीत प्रत्येक बाळाला जन्मानंतर काही आठवड्यांतच अकरा अंकी करक्रमांक टपालाने येतो. तो ज्या पत्रावर होता ते पत्र स्टुटगार्टच्या घरी कपाटात होते. यजमानांना तिथे पहाटे उठवून त्याचा फोटो मागवावा लागला. सात वर्षांच्या मुलीचा करक्रमांक बँक विचारेल हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

त्या दिवशी खरी अडचण कागदांची आली नाही, ती आली पालकाच्या स्वाक्षरीची. खिडकीवरील कर्मचाऱ्याने अर्ज पाहून सांगितले, "मॅडम, पालक म्हणून वडिलांची सही लागेल." वडील जर्मनीत आहेत, आणि मी आई म्हणून समोर बसले आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. माझ्या मते या सेवेतील हा सर्वांत गंभीर दोष आहे. आईला पालक मानून अज्ञान मुलाचे खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना कित्येक दशकांपूर्वीच दिली आहे, आणि २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ती पुन्हा स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. मुलाच्या नावाने रोखे घेण्याच्या अर्जावर आईची स्वाक्षरी पुरेशी आहे की नाही, हा वाद थेट रिझर्व्ह बँकेविरुद्धच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गीता हरिहरन प्रकरणातील त्या निकालाला १९९९ पासून पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. वडील हयात असतानाही प्रत्यक्ष सांभाळ करणारी आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे न्यायालयाने त्यात मान्य केले. एवढे होऊनही २०२५ सालच्या नाशिकमध्ये एका आईला मुलीसमोर बसून हे समजावून सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

बाबांनी मध्येच सुचवले की तसे असेल तर पालक म्हणून आजोबांचे नाव घालावे. त्यांच्या मनात सातबारावरील "अ.पा.क." होते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, जिथे कोणीही वडीलधारे माणूस चालेल असे त्यांना वाटत होते. परंतु आईवडील असताना आजोबांना पालक म्हणून खाते चालवायचे तर न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते, आणि बचत खात्यासाठी तो मार्ग कोणी धरू नये.

अखेर आम्ही शाखेच्या उपव्यवस्थापक बाईंकडे गेलो. या परीक्षणात जे काही चांगले लिहायचे आहे त्यातील बहुतेक त्यांच्यामुळे आहे. त्यांनी परिपत्रक स्वतः संगणकावर उघडले, कर्मचाऱ्याला बोलावून दाखवले, आणि त्यानंतर मला विचारले, "ताई, या खात्यात पैसे कोण भरणार आहे?" खाते कोणत्या प्रकारचे उघडावे हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि तोपर्यंत तो मला कोणीच विचारला नव्हता.

अनिवासी व्यक्तीसाठी रुपयातील बचत खाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. एनआरई खात्यात परदेशातून आलेले पैसे जमा होतात. त्याच्या व्याजावर भारतात कर नाही आणि मुद्दल व व्याज दोन्ही परदेशी नेता येते. एनआरओ खात्यात भारतातील पैसे जमा होतात, त्याच्या व्याजावर कर कापला जातो, आणि परदेशी नेण्याला दर आर्थिक वर्षी १० लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा आणि कागदपत्रांची अट आहे. करमाफीमुळे मी एनआरईचाच अर्ज भरून नेला होता. परंतु नाशिकमधील आजोबांचे रुपये एनआरई खात्यात जमाच होऊ शकत नाहीत. तो अर्ज स्वीकारला गेला असता तर बाबांची पाकिटे कपाटातच राहिली असती.

बाईंनी पुढे आणखी एक बारकावा सांगितला. भारतातील निवासी व्यक्ती अनिवासी नातेवाइकाच्या एनआरओ खात्यात रुपयांत भेट जमा करू शकते, परंतु परकीय चलन नियमांत नातेवाईक हा शब्द कंपनी कायद्यातील व्याख्येप्रमाणे घेतला जातो. त्या यादीत मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण आहेत, नातवंडांचा थेट उल्लेख मात्र नाही. प्राप्तिकराच्या व्याख्येत आजोबा आणि नात हे नातेवाईक आहेत, त्यामुळे भेटीवर कर लागत नाही. हा फरक केवळ परकीय चलन नियमांपुरता आहे. म्हणून त्यांनी सुचवले की बाबांनी रक्कम आधी आपल्या खात्यातून माझ्या एनआरओ खात्यात धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी आणि तिथून मी ती मुलीच्या एनआरओ खात्यात वळवावी. बाबांना हा वळसा पटायला थोडा वेळ लागला. "माझ्या नातीला द्यायचे तर मधे तू कशाला?" असे त्यांनी मला दोनदा विचारले. पण लेकीला दिलेले लेकीने तिच्या लेकीला द्यावे, यात वावगे काही नाही, असे नंतर तेच म्हणाले.

आता व्याजाचे. मोठ्या बँकांचा बचत खात्यावरील दर सध्या अडीच टक्क्यांच्या आसपास आला आहे. समजा खात्यात वर्षभर २ लाख रुपये राहिले, तर ५,००० रुपये व्याज होते. एनआरओ खात्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर उपकर असा ३१.२ टक्के कर कापला जातो, म्हणजे १,५६० रुपये जातात आणि ३,४४० उरतात. भारत-जर्मनी करारानुसार व्याजावरील कर १० टक्क्यांपर्यंत मर्यादित आहे, म्हणजे या उदाहरणात ५०० रुपये. त्यासाठी जर्मन करखात्याकडून करनिवासी असल्याचा दाखला आणून बँकेला वेळेत द्यावा लागतो. शिवाय अज्ञान मुलाचे असे उत्पन्न पालकांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक आहे त्याच्या उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे विवरणपत्रही त्यानेच विचारात घ्यायचे. एनआरईचे व्याज भारतात करमुक्त असले तरी राहत्या देशाचा कर त्यामुळे माफ होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तेव्हा कमाईसाठी हे खाते उघडण्यात अर्थ नाही. आजीआजोबांचे रुपये मुलाच्या नावाने, नोंदीसह आणि सुरक्षित राहावेत एवढ्यासाठी ते उत्तम आहे. ठेव विमा ५ लाखांपर्यंत आहे, आणि आईने पालक म्हणून ठेवलेली मुलाची रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यापासून वेगळी धरली जाते, हाही एक फायदा आहे.

खाते सुरू व्हायला अकरा कामकाजाचे दिवस लागले. पासबुकावर मुलीचे नाव पासपोर्टप्रमाणे, दोनच शब्दांत आहे, आणि त्याखाली पालक म्हणून माझे नाव आहे. एक त्रास अजून संपलेला नाही. जर्मन मोबाइल क्रमांकावर बँकेचे ओटीपी कधी येतात, कधी येत नाहीत. या महिन्यात तीन वेळा रक्कम वळवण्याचा प्रयत्न त्यामुळेच फसला. शाखेने तक्रार नोंदवून घेतली आहे, परंतु ईमेलवर ओटीपी मिळण्याची सोय अद्याप झालेली नाही. परदेशस्थांसाठी खाती चालवणाऱ्या बँकेकडून ही किमान अपेक्षा आहे. तोपर्यंत ज्यांना शक्य आहे त्यांनी आपला भारतीय क्रमांक रोमिंगवर चालू ठेवून तोच बँकेत नोंदवावा.

मुलगी १८ वर्षांची होईल तेव्हा माझा अधिकार संपेल, तिची नवी स्वाक्षरी आणि तिच्या सूचना घेतल्या जातील, आणि तोपर्यंत कुटुंब नाशिकला परतले असेल तर परतल्यावर लगेच बँकेला कळवून खाते निवासी करून घ्यावे लागेल. दहा वर्षांवरील मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खाते चालवू देण्याची मुभाही त्याच परिपत्रकात आहे. ही शाखा अनिवासी मुलांना ती देईल का, हे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत विचारणार आहे. बाबांनी कपाटातील सात पाकिटांतले पैसे मोजून आपल्या खात्यात भरले आणि तिथून ते माझ्याकडे व मग तिच्याकडे आले. रिकामी पाकिटे त्यांनी टाकली नाहीत. वर्षांच्या क्रमाने लावून ती पासबुकासोबत त्याच कप्प्यात ठेवली आहेत.