हिंगणा की बुटीबोरी? छोट्या शेडवाल्यांसाठी

पंधरा-वीस माणसांचं युनिट टाकायचं म्हटलं की नागपुरात चर्चा फिरून फिरून हिंगणा आणि बुटीबोरी या दोन एमआयडीसींवर येते. मी आधी बुटीबोरीत नोकरी केली आणि स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड हिंगणा एमआयडीसीत टाकलं. दोन्हीकडचं पाणी प्यायलोय, तरी माझा कल लपणार नाही.

जागेबाबत वादच नाही. बुटीबोरी ऐसपैस आहे, रस्ते रुंद, ट्रेलर एका दमात आत वळतो. हिंगणा जुनी वसाहत. ट्रक मागे घेताना शेजाऱ्याला गेट उघडायची विनवणी करावी लागते. माझ्या चौकशीत तरी तेवढ्याच भाड्यात बुटीबोरीत जास्त जागा मिळत होती. रंग, केमिकल असं सांडपाण्याचं काम असेल तर पुढचं वाचूही नका, सरळ बुटीबोरी घ्या, तिथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. माल कंटेनरने जाणार असेल तर विमानतळाजवळच्या मिहानचा कंटेनर डेपोही बुटीबोरीच्याच वाटेवर. समृद्धी महामार्गाचा झिरो पॉइंट शिवमडक्याला, तो दोन्हीकडून गाठता येतो, म्हणून तो मुद्दा मी तागडीत घातलाच नाही.

मला टोचली ती गोष्ट दिसायला किरकोळ आहे. पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनची मोटर जळते, कॉम्प्रेसरचा बेल्ट तुटतो, एखादा शाफ्ट झिजतो. मोठ्या कारखान्यात स्पेअर पडून असतात, कुणाला पत्ताही लागत नाही. छोट्याकडे काय असणार? बुटीबोरीत आमच्या तिथे असं झालं की एक पोरगा मोटारसायकलला मोटर बांधून नागपूरकडे निघायचा. पंचवीस-तीस किलोमीटर, तेही मे महिन्यात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. मोटर वाइंडिंगला टाकायची, इतवारीत हवं ते बेअरिंग शोधायचं, आणि तो परतेपर्यंत शिफ्ट आटोपलेली. तोवर चार कारागीर हातावर हात धरून बसलेले, रोजी मात्र चालू. आणि गिऱ्हाइकाचा फोन याच दिवशी येतो, हे वेगळं सांगायला नको.

हिंगण्यात वाइंडिंगवाला, लेथवाला, पावडर कोटिंगवाला दोन-चार गल्ल्यांत सापडतात. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना इथलाच. अशा मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने जॉबवर्कवाले जमतात आणि त्यांच्या आसऱ्याने आमच्यासारखे. सकाळी दिलेला शाफ्ट माझा फिटर पुष्कळदा जेवणाच्या सुट्टीनंतर बसवतो. बुटीबोरीतही असे लोक आहेत, वाढतही असतील. पण हवा तो माणूस हव्या त्या वेळी भेटेल, याचा भरवसा मला तिथे कधी वाटला नाही.

हेल्परची अडचण दोन्हीकडे नाही. इथे वानाडोंगरी, डिगडोह, इसासनीतून सायकलने येतात, तिकडे टाकळघाट वगैरे गावं आहेत. अडतं ते शहरात राहणाऱ्या माणसांपाशी. आमच्या अकाउंटंट ताई चितार ओळीला मेट्रोत बसतात आणि थेट हिंगणा एमआयडीसीजवळच्या लोकमान्य नगरला उतरतात. बुटीबोरीला मोठ्या कंपन्या बस लावतात. आपल्याला ती कुठून परवडणार? दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरीपर्यंत जायची आहे. ती धावू लागली की निदान एवढा मुद्दा तरी मी मागे घेईन.

घराचाही हिशेब यातच येतो. शेड जिकडे, तिकडे घर सरकतंच: बुटीबोरी घेतलं की बेसा, मनीषनगर, हिंगणा घेतलं की त्रिमूर्तीनगर, जयताळा. आमच्याकडे मुलाची शाळा आणि आईचे डॉक्टर या बाजूला होते, त्यामुळे सौ.ने फार वेळ लावला नाही.

पन्नासच्या वर माणसं, स्वतःचा मेन्टेनन्स विभाग आणि अवजड माल असेल तर खुशाल बुटीबोरी घ्या, मी आडवा येणार नाही. त्याखालच्यांना मला तरी हिंगणा सोयीचं वाटतं. फक्त इथे नवा प्लॉट मिळणं कठीण, बहुतेकांना शेड भाड्यानेच घ्यावं लागतं. मालकाने पोटभाडेकरू ठेवायची एमआयडीसीची परवानगी काढली आहे का, तो कागद आधी मागा. डिपॉझिटचा चेक त्यानंतर.