रिव्ह्यू ब्राउझरमध्ये करावा की एडिटरमध्ये?

टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने परवा विचारलं, ‘पुल रिक्वेस्ट ब्राउझरमध्येच वाचू, की ब्रँच घेऊन एडिटरमध्ये?’ पुल रिक्वेस्ट म्हणजे सहकाऱ्याने मंजुरीसाठी पाठवलेला कोडमधला बदल, आणि ब्रँच म्हणजे तो बदल असलेली कोडची वेगळी शाखा. मी दोन्ही वर्षानुवर्षं केलंय.

ब्राउझरच्या सोयीला तोड नाही. म्हापसा-पणजी बसमध्ये उभ्याउभ्या फोनवर चार ओळी वाचून कमेंट टाकलेली आहे. एखादी अट बदलली, मेसेज सुधारला, तर तेवढं पुरतं.

माझं बिनसलं ते चवथीच्या आदल्या आठवड्यात. होमस्टे बुकिंगचं काम होतं. रक्कम रुपयांत देणारं एक फंक्शन पैशांत देऊ लागलं. ते जिथे वापरलं होतं त्या तीन जागा बदलल्या होत्या, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. गणपतीच्या माटोळीचं सामान आणायची घाई होती हे कबूल, पण डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) मी दोनदा वाचला. चौथी जागा रिफंडच्या फायलीत होती. तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणून ती डिफमध्ये आलीच नाही. १,५०० रुपयांच्या अनामतीची पावती दीड लाखाची निघाली! डिफ बदललेल्या ओळी दाखवतो, आणि सहसा वर-खाली तीन-तीन. बदलायला हवी होती पण राहिली, ती ओळ त्यात कशी दिसणार?

एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर क्लिक केलं की वापराच्या चारही जागा समोर येतात. आपलं अर्धवट काम बाजूला ठेवायचा कंटाळा असेल तर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) २०१५ पासून वर्कट्री आहे; दुसऱ्या फोल्डरात ब्रँच उघडायची.

दुसरा फायदा फायलींच्या क्रमाचा. ब्राउझर त्या बहुधा नावाच्या अकारविल्हे मांडतो आणि शेवटच्या फायलींपर्यंत डोळे थकलेले असतात. २०२२ च्या एका अभ्यासातही आधी दिसणाऱ्या फायलींवर जास्त कमेंट पडतात असंच आढळलं. एडिटरमध्ये मी टेस्टपासून सुरुवात करतो.

अर्थात हजार ओळींचा बदल आला तर दोन्हीकडे सारखीच दमछाक. तो तुकडे करायला परत पाठवावा. तुमचा प्रोजेक्ट लहान असेल, सगळा कोड तोंडपाठ असेल, तर ब्राउझर पुरेही. मी मात्र पैशांचा हिशोब असलेलं काहीही आता ब्राउझरमध्ये मंजूर करत नाही. कमेंट लिहायला मी शेवटी तिथेच येतो, आणि ओळ क्रमांक लक्षात ठेवून दोन खिडक्यांत उड्या मारणं मला अजून नीट जमत नाही.