जो जॅक्सनच्या रॉकपालास्ट मैफली (हॅम्बुर्ग 1980, एसेन 1983): काही महिन्यांच्या वापरानंतर

पश्चिम जर्मनीतल्या डब्ल्यूडीआर वाहिनीने आपल्या 'रॉकपालास्ट' या रॉक मैफलींच्या कार्यक्रमासाठी ब्रिटिश गायक-संगीतकार जो जॅक्सनला एकाहून अधिक वेळा चित्रित केलं. त्यातल्या दोन मैफलींबद्दल लिहितोय: हॅम्बुर्गच्या मार्क्टहालमधली 1980 ची आणि एसेनच्या ग्रुगाहालमधली एप्रिल 1983 ची. काही महिने दोन्ही आलटून पालटून पाहिल्यावर मत पक्कं आहे. डीव्हीडी घ्यावी ती एसेनसाठी, पण आधी हॅम्बुर्ग बघावी. तो क्रम उलटा केला तर एसेनची निम्मी गंमत हातची जाते.

हॅम्बुर्गला चौघेच आहेत. ग्रॅहम मेबीचा बेस, गॅरी सॅनफर्डची गिटार, डेव्हिड हॉटनचे ड्रम्स आणि गायला जो. न्यू वेव्हचा, म्हणजे पंकनंतरच्या रॉकचा, तो सुरुवातीचा, टोकदार काळ. गिटार सतत वाजत राहत नाही; छोटे, तोडलेले कॉर्ड आणि मध्ये मोकळी जागा. त्या जागेत बेस गाण्याची चाल चालवतो. म्हणून पहिल्यांदा बघताना गायकाकडे नव्हे, मेबीच्या हातांकडे बघा.

मग तीन वर्षांत हा माणूस कुठल्या कुठे गेला. 1981 मध्ये 'जम्पिन् जाइव्ह' हा जुन्या स्विंग आणि जम्प ब्लूजचा (नाचायच्या जॅझ-ब्लूजचा) अल्बम, 1982 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगातला 'नाइट अँड डे', ज्यात गिटार नाहीच. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधलं शिक्षण इथे उघड दिसतं. एसेनच्या रंगमंचावर गिटारवादक नाही. मेबी तोच, ड्रम्सवर लॅरी टॉलफ्री, काँगा-टिंबालीस या लॅटिन तालवाद्यांवर स्यू हॅजोपोलस, कीबोर्डवर जॉय ॲस्क्यू आणि एड रॉइन्सडाल, रॉइन्सडाल व्हायोलिनही वाजवतो. जुन्या गाण्यातलं गिटारचं काम कधी कीबोर्ड उचलतात, कधी तालवाद्यं, आणि काही ठिकाणी ते कुणीच उचलत नाही. ही न उचललेली जागा ऐकण्यासारखी आहे.

या दौऱ्यात 'इज शी रिअली गोइंग आउट विथ हिम' हे त्याचं गाजलेलं गाणं वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांत गायलं जायचं. बेसचं आणि तालाचं काम गळ्यानेच. साउंडबारचा 'सराउंड' किंवा 'सिनेमा' मोड चालू असेल तर हे आवाज पसरट होतात आणि कोण कुठली ओळ धरून आहे ते कळत नाही. साधा स्टीरिओ ठेवा, आवाजाचा चढ-उतार दाबणारा 'नाइट मोड' बंद करा. हेडफोनवर तर हे गाणं दुसरंच वाटतं.

आता चित्राबद्दल, कारण तक्रारी तिथेच होतात. चित्रण 4:3 चं आहे. टीव्ही ते आपोआप 16:9 ला ताणतो आणि सगळे वादक जाडजूड दिसतात. पिक्चर साइज हाताने 4:3 करा. दुसरं, हे पाल या युरोप-भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीचं इंटरलेस्ड चित्रण आहे: एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, सेकंदाला 50. संगणकावर पाहताना काँगा वाजवणाऱ्या हातांभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस (या रेघा काढणारी सोय) चालू करून मोड 'याडिफ (2x)' निवडा. नुसता 'याडिफ' घेतला तर रेघा जातात, पण हालचाल 25 फ्रेमवर येऊन अडखळते. तालवाद्यांच्या मैफलीत हा फरक डोळ्याला लगेच जाणवतो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर दोष बहुतेक वेळा ब्लूटूथ स्पीकरचा असतो. व्हीएलसीत जे आणि के या कळांनी आवाज 50-50 मिलीसेकंदांनी मागे-पुढे सरकतो. ते जुळवायला ड्रमची काठी स्नेअरवर पडतानाचा जवळचा शॉट वापरा, गाणारं तोंड नको.

झगझगीत दिव्यांमागे ओढल्या जाणाऱ्या शेपट्या आणि लाल प्रकाशात विरघळणारे चेहरे मात्र सेटिंगने जाणार नाहीत. त्या काळच्या ट्यूब कॅमेऱ्यांचा तो स्वभाव आहे. शार्पनेस वाढवला की उलट दाणे वाढतात. मी तो शून्याजवळच ठेवतो. नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर चेहरे मेणाचे होतात.

भारतातले प्लेअर पाल सहज वाचतात, पण डीव्हीडी कुठल्या भूभागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा रीजन क्रमांक आपला 5 आणि जर्मनीचा 2, तेव्हा मागवण्याआधी खोक्यावर रीजन 0 किंवा 'ऑल' लिहिलंय का ते बघा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींची अडचण वेगळी: रीजन मोकळा असला तरी तिकडचे बरेच प्लेअर पाल चित्रच दाखवत नाहीत. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि टीव्हीला एचडीएमआय वायर. एनटीएससीत, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीत, बदललेली प्रत घेऊ नका. सूर तोच राहतो, पण कॅमेरा सरकताना चित्र धक्के खातं.