पिस्टन सांगून डायफ्राम गळ्यात मारला, 14 नगांचे पैसे पाण्यात

लिहायची लाज वाटतेय, पण लिहितो. 19 वर्षं हायड्रॉलिक मेंटेनन्समध्ये काढली आणि प्रेशर स्विच (तेलाचा दाब ठरावीक आकड्याला गेला की विजेचा टिक करणारा) पिस्टनचा, म्हणजे आत दट्ट्या सरकणारा, की डायफ्रामचा, म्हणजे पातळ पडद्याचा, हे मला कळलं नाही, असं आता शॉपमधली पोरं पाठीमागे बोलतात.

प्रेसच्या क्लॅम्प लाइनला, म्हणजे काम घट्ट पकडणाऱ्या तेलाच्या लाइनला, 14 स्विच हवे होते. सेटिंग 80 बार (बार हे दाबाचं माप), पण व्हॉल्व बदलला की क्षणभर 200 च्या वर झटका, तोही मिनिटाला पाच-सहा वेळा. असे झटके सोसायला पिस्टनच लागतो, हे अप्रेंटिससुद्धा सांगेल. नेहमीचा सप्लायर सहा आठवडे म्हणाला. हा दुसरा म्हणाला दोन दिवसात देतो, 30 टक्के स्वस्त, फक्त पूर्ण पैसे आधी. हो हो, माहितीये. पण लाइन बंद, वरून तासातासाला फोन, तुम्ही काय केलं असतं?

माल आला. लेबलवर पिस्टन, 400 बार. एक हँडपंपावर चढवला, 80 ला टिक, सोडताना 75 ला परत टिक. आता आमचा जुना पिस्टनवाला 68 शिवाय सुटायचा नाही, रबरी ओ-रिंग घासते ना आत, डेडबँड (लागण्या-सुटण्यातला फरक) मोठाच असतो. हा 75 ला सुटतोय म्हटल्यावर डोक्यात घंटा वाजायला हवी होती की एवढी नाजूक चाल पडद्याचीच असते. मी काय केलं? हेल्परला म्हणालो, "बघ, कसला कडक माल आहे!" हे वाक्य अजून झोपू देत नाही. त्याच वेळी एक खोलला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. खोला रे बाबांनो, लॉटमधला एक नग फोडायला लागला तरी फोडा.

23 दिवसात 11 गेले. पिस्टन आधी पाझरतो, इशारा देतो, डायफ्राम फाटला की फाटला. तेल थेट मायक्रोस्विचमध्ये, म्हणजे आतल्या विजेच्या छोट्या स्विचमध्ये, आणि तिथून केबलमधून पॅनेलपर्यंत. लेबल नखाने उचकटलं तर खाली दुसरं, 10 ते 100 बार. रेंज वाचून खूश होऊ नका, कमाल किती दाब सहन करतो तो आकडा वेगळा असतो, तो लेखी मागा.

मग पोलीस. साहेबांनी विचारलं डायफ्राम म्हणजे छातीतला पडदा का. समजावलं, तर म्हणे दिवाणी मामला आहे. पैसे ऑनलाइन दिले म्हणून सायबरवाल्यांकडे गेलो, ते म्हणाले माल मिळालाय ना, मग फ्रॉड कसला. बँक म्हणाली तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीला गेलो तर धंद्यासाठी घेतलं म्हणून मी ग्राहकच नाही! मग मी आहे तरी कोण? चार ठिकाणी तोच फाटलेला पडदा पिशवीतून दाखवत फिरलो, एकानेही हातात घेऊन पाहिला नाही, एकाने तर टेबलाला तेल लागेल म्हणून बाजूला ठेवायला लावला. अर्जाची पोचसुद्धा दोन खेपा घालून मिळाली.

आणि पैसे एकदम देऊ नका, निम्मे टेस्ट झाल्यावर.

उरलेले तीन आता लुब्रिकेशन लाइनवर लावलेत, 25 बारला, झटके नाहीत. तिथे मस्त चालतात, तेच जास्त झोंबतं.